माळावरचं घर जूनपासून मांडा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातलं एक जोडपं. ती मातीकाम करते, तो पुस्तकांसाठी चित्रं काढतो. मोरगाव-सुप्याच्या बाजूला दोघांनी साठ गुंठे माळ घेतला आहे. गेल्या हिवाळ्यात मुलीकडे अमेरिकेला गेले असताना त्यांनी ॲरिझोनातलं टॅलिएसिन वेस्ट पाहिलं. वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यानं वाळवंटात स्वतःसाठी बांधलेलं हे घर आणि स्टुडिओ. तेव्हापासून त्यांना तसंच हवं आहे: आत कललेल्या दगडी भिंती, वर पांढऱ्या कापडाचं छप्पर, एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला काम. ‘आपलाही भाग कोरडा, दगड तर पायाखालीच आहे, मग आपल्याकडे हे का जमू नये?’ असं त्यांनी विचारलं आहे.

तीस वर्षं मी पुण्यात वास्तुरचनेचं काम करते आहे आणि त्यातली बरीच घरं पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात उभी राहिली आहेत. म्हणून उत्तर सविस्तर देते. दगड जमेल, मांडणीही जमेल. राहत्या घरावर कापडाचं छप्पर मात्र जमणार नाही. ते का, हे नीट समजलं तर बाकीचं घर कसं असावं हे तुमचं तुम्हालाच दिसायला लागेल.

तुम्ही तिथं गेलात तो महिना आठवा. जानेवारी. मीसुद्धा फेब्रुवारीत गेले होते. बागेकडच्या त्या लांबट दिवाणखान्यात शिरायचं तर आधी ठेंगण्या वाटेनं वाकल्यासारखं यावं लागतं. आत आलं की छपरातून दुधासारखा उजेड खाली उतरलेला असतो. कुठे झळ नाही, कुठे काळोख नाही. बराच वेळ मी तिथून हलले नाही. पण तो उजेड हिवाळ्याचा आहे आणि ती इमारतही हिवाळ्याचीच आहे. १९३६ च्या हिवाळ्यात राइटला न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी उबदार हवेत जायला सांगितलं. १९३७ मध्ये, सत्तरीत पोचलेल्या या माणसानं स्कॉट्सडेलजवळ मॅकडॉवेल डोंगराच्या पायथ्याशी जमीन घेतली. विस्कॉन्सिनमधलं त्याचं मूळ घर, म्हणजे स्प्रिंग ग्रीनचं टॅलिएसिन, त्यानं सोडलं नाही. थंडी पडायला लागली की विद्यार्थी, गाड्या, ट्रक, नकाशे, भांडीकुंडी घेऊन सगळा तांडा ॲरिझोनात यायचा आणि उन्हाळा तापायच्या आत परत उत्तरेला निघायचा. १९५९ मध्ये तो गेला, तोवर हा क्रम चालू होता. सोनोरन वाळवंटातला जून-जुलै त्या छपराखाली काढायचा असं त्यानं कधी ठरवलंच नव्हतं.

तुमच्याच भागातले मेंढपाळ धनगर हेच करतात. दसरा-दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तळ, हलतो, घाट उतरून कोकणाकडे जातो आणि पावसाच्या तोंडावर माळावर परत येतो. मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावली, घोड्यावरचं सामान उतरवलं की वस्ती झाली. ज्या ऋतूत जिथं राहायचं नाही, त्या ऋतूसाठी तिथं बांधायचं नाही, हा हिशेब राइटला आणि त्यांना सारखाच कळला आहे. तुम्हाला मात्र त्या माळावर बाराही महिने राहायचं आहे. सारा फरक इथं पडतो.

आता सूर्य पाहा. फिनिक्स-स्कॉट्सडेल साधारण साडेतेहेतीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरावर. जानेवारीत भर दुपारी तिथला सूर्य क्षितिजापासून जेमतेम पस्तीस अंश वर येतो. ऊन तिरपं पडतं, कापडावर पसरतं आणि आत येईपर्यंत सौम्य झालेलं असतं. आपल्याकडे मेच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस पुन्हा तेच. त्या मेमध्ये अर्धपारदर्शक छपराखाली बसून बघा. पापडासारखे वाळाल. कितीही चांगलं, लेप दिलेलं, परदेशी कापड आणलं तरी उजेड आत आला म्हणजे त्यासोबत उष्णताही आलीच.

दुसरं, पाऊस. फिनिक्सच्या परिसरात वर्षाला सात-आठ इंच पडतो. पुणे शहरात अठ्ठावीस इंचांच्या आसपास. तुमच्या माळावर त्याहून कमी, साधारण पाचशे मिलिमीटर, म्हणजे वीस इंच धरा. तरीही तो तिथल्या अडीचपट झाला, आणि त्याची येण्याची तऱ्हाही वेगळी. मेमधला वळीव संध्याकाळी पश्चिमेकडून किंवा कुठूनही, धूळ उडवत येतो आणि पहिल्या दहा मिनिटांत पत्रे उचलतो. मग जून ते ऑगस्ट वारा एकसारखा पश्चिमेचा, पाऊस थोडा पण तिरपा. टॅलिएसिन वेस्टची छपरंही गळायचीच, बरं का. तिथं पाऊस क्वचित, म्हणून खपून गेलं. कापडं पुन्हा पुन्हा बदलावी लागली, रेडवुडच्या तुळया उन्हानं तडकल्या, चाळीसच्या दशकात काच आली, पुढे कापडाच्या जागी प्लॅस्टिकचे तक्ते आणि लाकडाच्या जागी काही ठिकाणी पोलाद आलं. राइटला याचं दुःख नव्हतं, दर हिवाळ्यात येऊन तो काहीतरी मोडायचा आणि नवं करायचा. हातोडा घेऊन उभे असलेले पंचवीस-तीस विद्यार्थी त्याच्याजवळ होते. तुम्ही दोघंच आहात.

हेही लक्षात घ्या की ती इमारत स्वस्त झाली ती मुख्यतः मजुरी नव्हती म्हणून. १९३२ मध्ये त्यानं टॅलिएसिन फेलोशिप सुरू केली होती. तिथले विद्यार्थी शिकण्यासाठी फी भरायचे आणि दगडही तेच उचलायचे, स्वैपाकही तेच करायचे. ‘दगड फुकट’ म्हणताना आपण दगड उचलणारे हात मोजत नाही.

मग राइटकडून घ्यायचं काय? पुष्कळ. पहिलं म्हणजे त्याची सुरुवात करायची रीत, आणि ती टॅलिएसिन वेस्टच्याही आधीची आहे. १९२९ च्या जानेवारीत तो ॲरिझोनातच चँडलर गावाजवळ एका मोठ्या हॉटेलच्या कामासाठी आला होता. राहायला जागा भाड्यानं घेण्याऐवजी त्यानं आणि सहकाऱ्यांनी लाकडी फळ्या आणि पांढरं कापड घेऊन काही आठवड्यांत एक छावणी उभारली. ओकाटिला तिचं नाव. खोल्या सुट्या सुट्या, टेकाडाच्या चढउताराप्रमाणे बसवलेल्या, भोवती नागमोडी फळ्यांची ठेंगणी भिंत. त्या वर्षी शेअर बाजार कोसळला, हॉटेल कधीच झालं नाही, छावणीही टिकली नाही. पण कापडातून येणारा उजेड, तिरप्या रेषा, वाळवंटात सरळ लांब भिंत डोळ्याला खुपते हे निरीक्षण, सगळं तो तिथं राहून शिकला. आठ वर्षांनी जमीन घेतली तेव्हा हातात कच्चा मसुदा तयार होता. पुढेही विद्यार्थी आधी तंबूतच राहिले आणि मग भिंती उठल्या.

तर तुमचं पहिलं काम हे. यंदा घर बांधू नका, मांडव बांधा. पंधरा बाय वीसचा चौथरा, पाइपचे सहा खांब, वर साधं कॅनव्हास, बाजूला एक पत्र्याची खोली आणि संडास. महिन्यातून चार दिवस जाऊन राहा, आणि तेही सोयीच्या महिन्यांत नाही. मेमध्ये दुपारी दोन वाजता जा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री जा. ऑगस्टमध्ये वारा किती तास थांबत नाही ते पाहा. डिसेंबरमध्ये पहाटे पाण्याच्या बादलीत हात घाला. पावसाचं पाणी माळावरून कुठून वाहतं तिथं खुंट्या मारा, कारण उन्हाळ्यात ती घळ डोळ्याला दिसतही नाही. माझ्या ओळखीतल्या एका घराचा जिना पहिल्याच जोरदार पावसात ओढा झाला, तो केवळ आखणी मार्चमध्ये झाली म्हणून. आखणी करणारी मीच होते. सातव्या महिन्यात जोत्याभोवती चर खणून पाणी वळवावं लागलं आणि मालकाला दीड लाखाचा भुर्दंड पडला. तेव्हापासून पावसाळा पाहिल्याशिवाय मी माळावर खुंटी मारत नाही.

आता दगडाबद्दल. इथं मला थोडं रेंगाळायचं आहे.

राइटच्या जागेवरचे दगड इतके टणक होते की घडवणं परवडणारं नव्हतं. म्हणून त्यानं ते घडवलेच नाहीत. लाकडी पेट्या उभ्या केल्या, आपण शटरिंग म्हणतो तसंच. दगडाचं सपाट तोंड बाहेरच्या फळीला लावून रचायचं, मधल्या पोकळीत मोठाले गोटे टाकायचे आणि वरून सिमेंट कमी असलेलं काँक्रीट ओतायचं. पेटी काढली की तांबूस, पिवळसर, जांभळट दगडांच्या ठिगळांची भिंत उभी. पेटीच्या आत त्रिकोणी पट्ट्या ठोकल्यामुळे भिंतीवर आडव्या खाचा उमटतात आणि त्यात सावली बसते. निवडुंगावर, खडकावर, डोंगरावर सगळीकडे त्याला तुटक-ठिपकेरी रेषा दिसत होती, अखंड रेषा कुठेच नव्हती. तीच त्यानं भिंतीत आणली. सग्वारो नावाच्या उंच निवडुंगाच्या उभ्या शिरा चाळीस फुटांचं खोड कसं तोलतात हेही तो पाहत बसायचा.

तुमच्या माळाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर आहेत. वर वीतभर माती, मग मुरूम, मग कच्चा खडक, त्याखाली पक्का काळा पाषाण. शेतात दिसणारे धोंडे बहुतेक गोलसर, कांद्यासारखी साल सुटलेले असतात. त्यांना सपाट तोंड नसतं. राइटची पेटी इथं लावली तर बाहेरून गोट्यांऐवजी काँक्रीटच जास्त दिसेल. शिवाय मुरमाची साल तशीच राहिली तर चुन्या-सिमेंटची पकड येत नाही, दोन पावसाळ्यांत दगड खुळखुळायला लागतो. म्हणून तुमच्याकडे आपली जुनीच रीत बरी: वडार बोलवा, धोंडा फोडून तोंड काढा, दीड फूट जाडीचं डबराचं बांधकाम करा. ठेकेदार त्याला यूसीआर म्हणतात. दर चार-पाच फुटांवर आरपार जाणारा दगड बसलाच पाहिजे, नाहीतर आतला आणि बाहेरचा पदर वेगळे होतात. हे काम सुरू असताना रोज तुमच्यापैकी एक जण तिथं हजर हवा. आरपार दगड मोठा असतो, उचलायला दोन माणसं लागतात, आणि कोणी बघत नसलं की तोच गाळला जातो.

काळ्या दगडाचं घर कसं दिसतं हे बघायला लांब जायला नको. पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था बघून या. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी तिथं इथलाच काळा पाषाण वापरला आहे, त्याच्यावर कडप्पा आणि माथ्याला चकचकीत काळा ग्रॅनाइट. दगडाकडून आकाशाकडे जाताना काळा रंगच तीन तऱ्हांनी बदलतो. संध्याकाळच्या वेळी जा.

पण काळा दगड तापतो. पश्चिमेची दीड फुटी भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री नऊ-दहाला तुमच्या पलंगाशेजारी ते सोडते. ॲरिझोनातल्या हिवाळी रात्रीला ती ऊब हवीहवीशी असते. आपल्याकडे एप्रिलमध्ये नको होते. यावर उपाय भिंत पातळ करणं हा नाही. पश्चिमेला निदान आठ फुटांची पडवी घ्या, म्हणजे ऊन दगडापर्यंत पोचणारच नाही. पावसाचा तिरपा माराही तीच झेलेल. निजायच्या खोल्या पूर्वेकडे ठेवा.

आणि भिंती कललेल्या नकोत. मला ठाऊक आहे, तुम्हाला त्याच सगळ्यात आवडल्या आहेत. मलाही आवडल्या होत्या. परत आल्यावर दुसऱ्याच वर्षी शिरूरकडच्या एका शिल्पकाराच्या स्टुडिओसाठी मी आत झुकणाऱ्या दगडी भिंती काढल्या. दिसायला देखण्या झाल्या. पण उभ्या भिंतीवरून पाऊस खाली घसरतो आणि कललेल्या भिंतीवर तो पडतो. दगडाचा प्रत्येक सांधा छोट्या वाटीसारखा पाणी धरायला लागला. दुसऱ्या पावसाळ्यात आतल्या बाजूला ओलीचे नकाशे उमटले आणि त्यांच्या कागदावरच्या कामाला बुरशी आली. शेवटी माथ्यावर खालून खाच मारलेली शहाबादी फरशी बाहेर काढून बसवली, सगळे दर्जे, म्हणजे दगडांमधले सांधे, खरवडून पुन्हा भरले, आतून विटेचा पदर दिला. शिल्पकारांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, पण त्या भिजलेल्या चित्रांची चळत मी विसरलेले नाही. गडांचे बुरूज कललेले असतात, मग ते कसे टिकले, असं त्यांनी तेव्हा विचारलं होतं. बुरुजाच्या आतून भराव असतो आणि पाणी झिरपून गेलं तरी कुणाचं अंथरूण भिजत नाही. हवाच असेल तर हा कल अंगणाच्या कुसाला द्या, ओट्याच्या बाजूला द्या. घराच्या भिंती सरळ ठेवा.

छपरासाठी गुरू शोधायचा तर मी राइटकडून अहमदाबादला जाईन. बाळकृष्ण दोशी आपल्या पुण्यातच जन्मले, १९२७ मध्ये. १९८० साली त्यांनी अहमदाबादला स्वतःचा स्टुडिओ बांधला, संगाथ. तोही उष्ण, कोरड्या प्रदेशातला वास्तुरचनाकाराचा स्वतःचा स्टुडिओ, म्हणून तुमच्या प्रश्नाला राइटइतकाच जवळचा. इमारतीचा बराच भाग जमिनीत उतरवलेला, कारण मातीखाली ऊन पोचत नाही. वर लांबट कमानी छपरं. त्यांच्या थरात पोकळ मातीच्या नळ्या भरल्या आहेत, त्या उष्णता अडवतात. पाठीवर फुटक्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा मुलामा, तो ऊन परतवतो. पावसाचं पाणी कमानींवरून पन्हळीत आणि तिथून बागेतल्या पाटात. बसायच्या पायऱ्या, मडकी, झाडं यांतून तुम्ही आत कधी येता हे कळतही नाही. तुम्ही मातीकाम करता, तुमच्याकडे फुटक्या भांड्यांचा तोटा नसेल. तो मुलामा तुम्ही स्वतः लावू शकाल.

आणि त्याहून जवळचा गुरू तुमच्या शेजारच्या गावात आहे: माळवद. सागाच्या किंवा बाभळीच्या तुळया, वर आडव्या काठ्या-फळ्या, पाला, आणि त्यावर वीतभराहून जाड पांढऱ्या मातीचा थर. दुष्काळी पट्ट्यात हे छप्पर शतकानुशतकं चाललं, कारण पाऊस बेताचा आणि ऊन भरपूर. मुळशीत हे चालायचं नाही, तिथं उतरतं कौलच हवं. माळवदाला दर वर्षी पावसाआधी नवी माती लागते आणि ती टाकणारी माणसं आता गावात फारशी उरली नाहीत, म्हणून जसंच्या तसं करा असं मी म्हणणार नाही. पण त्याचं काम समजून घ्या. जाड, जड, अपारदर्शक छप्पर दुपारची आग रात्रीपर्यंत अडवून धरतं, आणि रात्री आपण त्याच्यावर झोपायला जातो. तुमच्यासाठी मी असं सुचवेन: काँक्रीटचा स्लॅब, त्यावर उष्णतारोधक थर, वर चिनी तुकड्यांचा मुलामा, एक जिना आणि छातीइतका कठडा. उन्हाळ्याच्या रात्री तुम्ही आत झोपणारच नाही.

मग कापडाचं काय? ते टाकून देऊ नका, त्याला त्याच्या ऋतूत ठेवा. घर आणि स्टुडिओ वेगवेगळे बांधा, मध्ये वीस-बावीस फुटांचं अंगण सोडा, आणि त्या अंगणावर पांढऱ्या कॅनव्हासचा मांडव घाला. नोव्हेंबर ते मार्च त्याच्याखाली तुमचं जेवण, गप्पा, मडकी वाळवणं, सगळं होईल, आणि स्कॉट्सडेलला पाहिलेला तो दुधाळ उजेड तुम्हाला बरोबर त्याच ऋतूत मिळेल. एप्रिलमध्ये त्याच्यावर आणखी एक जाड पदर ओढा. वळवाचे ढग दिसायला लागले की गुंडाळून ठेवा. आपल्याकडे मांडव घालणं आणि उतरवणं दोन्ही लोकांना येतं. लग्नघरी बघतोच की आपण. राइटला कापड कसं ताणायचं हे प्रयोग करून शिकावं लागलं.

स्टुडिओच्या उजेडाबद्दल एक खास सूचना, विशेषतः चित्रकारासाठी. पुस्तकांत लिहिलेलं असतं की चित्राला उत्तरेचा उजेड घ्या, तिकडून ऊन कधी येत नाही. हे युरोपातल्या आणि ॲरिझोनातल्या हिवाळ्यात खरं आहे. राइटची नकाशे काढायची मोठी खोली शहाण्णव फूट लांब आणि तीस फूट रुंद होती, आणि तिला वरून कापडातून उजेड मिळायचा. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. मे ते जुलै सूर्य सकाळी ईशान्येकडून उगवतो, वायव्येला मावळतो, आणि २१ जूनच्या दुपारी तर तो डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे उत्तरेच्या खिडकीतून सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला थेट ऊन कागदावर येतं. म्हणून उत्तरेच्या खिडकीलाही दोन्ही बाजूंना उभे पाखे हवेत, फूट-सव्वा फुटाचे, आणि वर लहानसा छज्जा. वरची झरोकेवजा खिडकी पूर्वेकडे तोंड करून घेऊ नका, पश्चिमेकडे तर नाहीच.

तुमची भट्टी घराच्या आणि स्टुडिओच्या पूर्वेला ठेवा. पावसाळी वारा धूर लांब नेईल. हिवाळ्यात वारा फिरतो, तेव्हा भट्टी लावायचा दिवस वारा बघून ठरवा.

आता माळाबद्दल. तुमच्या पत्रात ‘ओसाड’ हा शब्द तीनदा आला आहे, तो मला टोचला. राइटचं वाळवंटही ओसाड नव्हतं. सग्वारो, ओकोटिओ, चोया ही काटेरी झाडं, त्यातले पक्षी, आणि जागेवरच्या खडकांवर होहोकाम लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी कोरलेल्या आकृती. ते खडक त्यानं जपले, एका आकृतीतल्या गुंतलेल्या रेषांवरून स्वतःचं चिन्ह घेतलं. तुमचा माळ हे गवताळ रान आहे. सरकारी कागदावर त्याला ‘पडीक’ म्हणतात. पण सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य अशाच माळावर चिंकाऱ्यांसाठी राखलं आहे. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल हे सगळे या कुसळी गवताच्या भरवशावर जगतात. तिथं हिरवळ लावलीत, गुलमोहर आणि निलगिरीच्या रांगा लावल्या, चारी बाजूंनी सात फुटी भिंत घातली, तर त्या जागेला साजेसं घर बांधायचं हे बोलणं कागदावरच राहील. घराभोवती एक अंगण तुमचं. बाकीचा माळ गवताला सोडा. झाडं हवीत तर हिवर, बाभूळ, बोर, लिंब, तीही पाणी वाहून येतं त्या घळीच्या कडेनं. तारेचं कुंपण असं घाला की खालून खोकड जाईल. बांधावर घायपात असेल तर असू द्या, मात्र नवी लावू नका. ती अमेरिका खंडातूनच आलेली आहे.

जमीन साफ करताना वीरगळ किंवा शेंदूर लावलेला एखादा दगड निघाला तर तो उचलून भिंतीत बसवू नका. राइटनं फुटलेल्या चिनी मातीच्या नाटकदृश्यांचे तुकडे भिंतींत बसवले होते आणि ते छान दिसतात, पण ते त्यानं विकत आणलेले होते. वीरगळ गावाचा असतो.

माळाची रेषा आडवी आहे. मॅकडॉवेलसारखे दातेरी डोंगर तुमच्या पाठीशी नाहीत, म्हणून टोकदार, तिरकी छपरं तिथं आगंतुक वाटतील. एक मजली, लांब, जमिनीला धरून असलेलं घर करा. माळाच्या माथ्यावर नको. टॅलिएसिन या वेल्श शब्दाचा अर्थच ‘तेजस्वी कपाळ’ असा आहे, आणि राइटचं म्हणणं असायचं की घर टेकडीच्या डोक्यावर नाही, कपाळावर असावं. तुमच्या जागेत पूर्वेच्या उताराला साधारण दोन पुरुष खाली एक सपाट पट्टा आहे असं फोटोत दिसतं. पश्चिमेचा वारा तिथं डोक्यावरून जाईल. मी असते तर तिथंच चौथरा धरला असता.

शेजारी काय येणार हे आजच पाहा. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस टॅलिएसिन वेस्टच्या समोरच्या दरीत विजेच्या तारा आल्या. राइटनं थेट अध्यक्ष ट्रुमनना पत्र लिहून त्या जमिनीखाली घालायची मागणी केली. तो हरला. मग त्यानं दरीकडे पाठ फिरवली आणि मुख्य इमारतीचं प्रवेशद्वार मागच्या बाजूला नेलं. तुम्हाला सत्तराव्या वर्षानंतर घर फिरवावं लागू नये, म्हणून झोन दाखला, विकास आराखड्यातले रस्ते, उच्चदाबाच्या वाहिन्या, शेजारच्या गटात प्लॉटिंग होतंय का, हे तलाठ्याकडे आणि नगररचना कार्यालयात विचारून घ्या. सातबारा आणि बांधकामाची परवानगी हा वकिलाचा विषय आहे, त्यात मी शिरत नाही. आपल्याच जागेतला दगड-मुरूम काढण्याआधी तहसील कार्यालयात गौण खनिजाचं विचारायला मात्र विसरू नका.

पाण्याचा हिशेब सांगते. राइटला जवळपास पाचशे फूट खोल जाऊन पाणी लागलं. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्ये आणि वरच्या मुरमात असतं, पाचशे फूट गेलात तरी कोरडी बोअर लागू शकते. छपरावर भरवसा ठेवा. घर, स्टुडिओ आणि पडव्या मिळून दोन हजार चौरस फूट छप्पर झालं आणि पाचशे मिलिमीटर पाऊस पडला, तर त्र्याण्णव हजार लिटरच्या आसपास पाणी अंगावर येतं. वाया जाणारं सोडून सत्तर-पंचाहत्तर हजार लिटर हाती लागेल. दोन माणसांना पिण्या-स्वैपाकाला वर्षभर पुरून उरेल, मातीकामालाही. टाकी अंगणाखाली, जमिनीत बांधा. चिनी मुलाम्याचं छप्पर धुवायला सोपं असतं, पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायची तोटी ठेवा. कमी पावसाचं वर्ष येतंच, म्हणून टाकी वर्षाच्या गरजेपेक्षा मोठी धरा.

मांडवासाठी पाइप घेताना दोन इंचीच्या खाली जाऊ नका, पाया तीन फूट खोल घ्या आणि कापडाच्या कडेला दर दोन फुटांवर पितळी कडी बसवून घ्या. नारळाच्या काथ्याची दोरी वापरा. वळवात कापड फाटण्याआधी दोरी तुटलेली बरी. जुलै संपला की मला कळवा. श्रावणात एखाद्या पावसाळी दिवशी मी खुंट्या पाहायला येईन, तोवर आराखड्याचा कागद कोराच राहू द्या.